रात्री बंद केला, तरी सकाळी भरलेलाच

वाचकाची अडचण थोडक्यात : नाशिकच्या इंदिरानगरमधून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या घरी बसून सातपूर-अंबडच्या काही लहान कारखान्यांचे आणि दिंडोरीकडच्या दोन-तीन द्राक्ष बागायतदारांचे हिशोब लिहितात. कॉम्प्युटर चार वर्षांचा, विंडोज ११, रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबीची. दोन-अडीच महिन्यांपासून टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आकडा चढत चालला आहे. सोमवारी सकाळी ३.४ जीबी, गुरुवारी सकाळी ४.३, शनिवारी ५.१. संध्याकाळपर्यंत तो सातच्या पुढे जातो आणि टॅली उघडायलाही वेळ लागतो. रोज रात्री त्या कॉम्प्युटर रीतसर बंद करतात. टास्क मॅनेजरमधल्या सगळ्या प्रोग्रामची बेरीज मात्र जेमतेम साडेतीन जीबी भरते. एकदा भर दुपारी, काम चालू असताना लाईट गेली आणि त्यानंतर दोन दिवस मशीन अगदी हलकं चाललं. नवीन काहीही टाकलेलं नाही, असं त्या सांगतात. दुकानदार म्हणतो रॅम खराब झाली, ती बदला आणि फॉरमॅट मारा. यजमान म्हणतात व्हायरस आहे. भाच्याने रिसोर्स मॉनिटरमध्ये फक्त ४० एमबी 'फ्री' असल्याचं दाखवून रॅम साफ करणारं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं आहे. मशीनला विश्रांती मिळावी म्हणून रोज रात्री मेन स्विच बंद करावा का, आणि पैसे घालायचे तर कशावर, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

आधी एक विनंती. या महिन्यात कशावरही पैसे घालू नका आणि फॉरमॅट तर कुणाला मारूच देऊ नका. सकाळचे वाढते आकडे, न जुळणारी बेरीज आणि लाईट गेलेला तो दिवस, या तीन गोष्टी तुम्ही पत्रात लिहिल्या हे फार चांगलं केलंत. सहसा कुणी एवढं टिपून ठेवत नाही. तिन्हींचा रोख एकाच दिशेला आहे.

रोज रात्री बंद करते म्हणजे रोज सकाळी कोरी सुरुवात होते, असं तुम्ही धरून चालला आहात. इथेच गाडी अडते. विंडोज ८ पासून विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. ती चालू असताना तुम्ही 'शट डाऊन' केलंत की तुमचे उघडे प्रोग्राम बंद होतात हे खरं, पण विंडोजचा गाभा, सगळे ड्रायव्हर (प्रिंटर, वाय-फाय अशा उपकरणांशी विंडोजची गाठ घालून देणारे छोटे प्रोग्राम) आणि पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस बंद होत नाहीत. त्यांची जशीच्या तशी स्थिती डिस्कवरच्या एका फाईलमध्ये लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच परत उचलली जाते. मशीन लवकर सुरू होतं ते यामुळे. पण एखाद्या ड्रायव्हरने कालपर्यंत एक जीबी मेमरी अडकवून ठेवली असेल, तर ती अडकलेली एक जीबीही सकाळी तशीच परत येते. तुमच्या भाषेत, पानाच्या तळाची बाकी दुसऱ्या दिवशी 'मागील पानावरून पुढे' येते आहे.

'रीस्टार्ट'चं तसं नाही. त्यात सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. चालू मशीनची लाईट गेली तेव्हाही तेच झालं. स्थिती लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही, म्हणून विंडोज पुढच्या वेळी कोऱ्यातून उठलं आणि दोन दिवस हलकं राहिलं. मशीनला विश्रांती मिळाल्याचा हा परिणाम नव्हता. म्हणून रात्री शट डाऊन केल्यावर मेन स्विच बंद करून याबाबतीत काही फरक पडणार नाही, कारण ती फाईल डिस्कवर आहे आणि विजेवाचून टिकते. आणि चालू मशीनचा स्विच उपाय म्हणून कधीही बंद करू नका. टॅलीचा डेटा त्या क्षणी लिहिला जात असेल तर तो बिघडू शकतो, आणि दुसऱ्यांचे हिशोब तुमच्याकडे आहेत. डेस्कटॉपला साधा ६०० व्हीएचा यूपीएस असला तर काम जतन करून नीट बंद करण्याइतकी दहा-पंधरा मिनिटं हाताशी राहतात.

हे तपासायला एक मिनिट लागतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'वर जा आणि 'सीपीयू' निवडा. खाली 'अप टाइम' लिहिलेला असतो. काल रात्री बंद केलेलं मशीन तिथे पाच-सहा दिवस चालू असल्याचं दाखवत असेल, तर फास्ट स्टार्टअप चालू आहे.

आता बेरजेकडे. टास्क मॅनेजरच्या पहिल्या यादीत प्रत्येक प्रोग्रामपुढे जो आकडा दिसतो, तो त्या प्रोग्रामची खाजगी आणि त्या घडीला रॅममध्ये असलेली मेमरी एवढाच असतो. सामायिक वापराची मेमरी, जागा वाचावी म्हणून दाबून लहान केलेली मेमरी, ड्रायव्हर आणि गाभ्याचा वापर त्यात धरलेला नसतो. म्हणून यादीची बेरीज आणि वरचा एकूण आकडा यांत एखाद-दीड जीबीचा फरक राहणं स्वाभाविक आहे. तुमच्याकडे तो फरक साडेतीन जीबीच्या घरात आहे. शिवाय सगळे प्रोग्राम नव्याने उघडूनही सकाळचा आकडा दिवसागणिक वाढतो. ताळा जुळत नाही तिथेच शोधायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

त्याच 'परफॉर्मन्स' पानावर 'मेमरी' निवडलीत की खाली बरीच नावं दिसतील, त्यातली पाच आपल्या कामाची. 'इन यूज' म्हणजे आत्ता वापरात असलेली रॅम. 'कॅश्ड' म्हणजे आधी वाचलेल्या फाइली. पुन्हा लागतील म्हणून विंडोजने त्या जवळ ठेवलेल्या असतात आणि कुणी मेमरी मागितली की त्यातली बहुतेक लगेच मोकळी करून दिली जाते. 'कमिटेड'मध्ये दोन आकडे असतात, पहिला आत्ता मंजूर असलेल्या उचलीचा आणि दुसरा मर्यादेचा. ही मर्यादा म्हणजे रॅम अधिक डिस्कवरची पेज फाईल (रॅम अपुरी पडली की विंडोज तिथला मजकूर जिच्यात हलवतं ती फाईल). बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) खात्यासारखंच हे चालतं. पहिला आकडा दुसऱ्याला भिडला की नवी मेमरी मिळत नाही आणि प्रोग्राम अडतात किंवा बंद पडतात. उरले 'पेज्ड पूल' आणि 'नॉन-पेज्ड पूल'. गाभा आणि ड्रायव्हर आपली मेमरी या दोन खात्यांतून घेतात. नॉन-पेज्ड पूल डिस्कवर हलवता येत नाही, म्हणून त्यातली गळती सगळ्यात जाचक. ८ जीबीच्या घरगुती मशीनवर हा आकडा काही शे एमबी असतो. तो एक जीबीच्या वर गेला असेल आणि चढतच असेल, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा आहे.

'गळती' या शब्दाने जरा गोंधळ होतो. मेमरी कुठे वाहून जात नाही. एखादा प्रोग्राम ती उचलतो आणि काम झाल्यावर परत जमा करायला विसरतो. दर वेळी थोडी थोडी, पण हजारो वेळा.

भाच्याने दाखवलेल्या ४० एमबीची काळजी सोडा. रिसोर्स मॉनिटरमधलं 'फ्री' म्हणजे कशालाच न लावलेली रॅम, आणि ती जितकी कमी तितकं विंडोज आपलं काम नीट करतं आहे. पाहायचं ते 'अव्हेलेबल'. त्यात 'स्टँडबाय' आणि 'फ्री' दोन्ही येतात. रॅम साफ करणारं सॉफ्टवेअर मात्र आजच काढून टाका. ते चालू प्रोग्रामची मेमरी जबरदस्तीने बाहेर ढकलतं, त्यामुळे आकडा क्षणभर खाली येतो. पुढच्या क्लिकला तीच मेमरी परत आणावी लागते आणि मशीन आणखी अडखळतं. ड्रायव्हरने अडकवलेल्या नॉन-पेज्ड पूलला ते हातही लावू शकत नाही. आणि मापं घेण्याच्या काळात आकडे कृत्रिमरीत्या वरखाली करणारं काही मशीनवर असू नये.

प्रत्यक्ष काम महिन्याच्या २० तारखेनंतर सुरू करा. ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला ३बी भरायचा असताना ड्रायव्हर उलटसुलट करणं नको. त्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

पहिल्या दिवशी 'रीस्टार्ट' करा, 'शट डाऊन' नको. दहा मिनिटं थांबा, म्हणजे सुरुवातीची धावपळ संपते. मग वहीत इन यूज, कमिटेड, कॅश्ड, पेज्ड पूल, नॉन-पेज्ड पूल आणि अप टाइम हे सहा आकडे लिहा. दुपारी एकदा आणि रात्री बंद करण्याआधी एकदा, असे दिवसातून तीन वेळा लिहायचे. तीन दिवस नेहमीसारखं शट डाऊन करा. पुढचे तीन दिवस शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा. तसं केलं की त्या वेळेपुरता फास्ट स्टार्टअप वगळला जातो आणि मशीन पूर्ण बंद होतं. पहिल्या तीन दिवसांत सकाळचा आकडा चढला आणि नंतरच्या तीन दिवसांत तो दर सकाळी पुन्हा साडेतीनच्या आसपास आला, तर शंका उरत नाही. गळती ड्रायव्हरमध्ये किंवा सर्व्हिसमध्ये आहे.

त्यानंतर फास्ट स्टार्टअप कायमचा बंद करायला हरकत नाही. कंट्रोल पॅनेल उघडा, 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जा, डावीकडचं 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' निवडा, मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक करा आणि खालची 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढून जतन करा. एसएसडी असल्यामुळे सुरू व्हायला काही सेकंदच जास्त लागतील. पण हा उतारा आहे, इलाज नाही. दिवसभरात गळती होतच राहील, फक्त ती दुसऱ्या दिवसावर चढणार नाही. तुमचं काम एवढ्यावर सुरळीत चालत असेल आणि मार्चअखेरीची धावपळ तोंडावर असेल, तर तूर्त इथे थांबणंही शहाणपणाचं ठरेल.

मूळ शोधायचं ठरवलंत तर पुढचं वाचा. रात्रीच्या नोंदीत कोणता आकडा सकाळपेक्षा फुगला ते आधी पाहा. दोन्ही पूल जागच्या जागी आणि कमिटेड मात्र चढलेला असेल, तर दोष एखाद्या सर्व्हिसचा किंवा प्रोग्रामचा. टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स'मध्ये वरच्या पट्टीवर उजवं क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' निवडा आणि 'कमिट साइझ' (प्रोग्रामची एकूण उचल), 'हँडल्स' (त्याने उघडून धरलेल्या फाइलींसारख्या गोष्टी) व 'जीडीआय ऑब्जेक्ट्स' (पडद्यावर चित्र काढायला लागणाऱ्या गोष्टी) हे रकाने जोडा. साध्या मेमरीच्या रकान्यात न दिसणारा दोषी कमिट साइझमध्ये सापडतो, कारण विंडोजने त्याची न वापरलेली मेमरी डिस्कवर हलवलेली असली तरी ती उचल तिथे धरलेली असते. एखाद्या लहानशा प्रोग्रामचे हँडल्स रोज चढून दहा हजारांच्या पुढे गेले, तर तोही संशयित. जीडीआयची मर्यादा एका प्रोग्रामला साधारणपणे १०,००० असते. ती गाठली की त्या प्रोग्रामची बटणं कोरी पडतात आणि खिडकीचे भाग काळे दिसू लागतात.

पूल चढला असेल, आणि तुमच्या आकड्यांवरून तीच शक्यता मला जास्त वाटते, तर ड्रायव्हर शोधायचा. 'नवीन काहीही टाकलेलं नाही' असं तुम्ही म्हणता. तुम्ही टाकलं नसेल, पण विंडोज अपडेट आपल्या आपण ड्रायव्हर बदलतं. सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट', त्यात 'अपडेट हिस्टरी', त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स' उघडा आणि दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्या तारखा पाहा. त्या सुमाराला नेटवर्कचा, आवाजाचा किंवा छपाईचा ड्रायव्हर बदललेला दिसला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे का पाहा. बटण फिकट असेल तर जुनी आवृत्ती शिल्लक नाही. मग मदरबोर्ड किंवा ते उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजी आवृत्ती घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फुकट मिळणारी सॉफ्टवेअर वापरू नका.

तारखांवरून काही उमगलं नाही तर एकेक वस्तू बाजूला काढायची. घरून हिशोबाचं काम करणाऱ्यांच्या मशीनवर संशयित साधारण ठरलेले असतात. यूएसबीचा वाय-फाय डोंगल, वेगळा विकत घेतलेला अँटिव्हायरस, व्हीपीएन, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटरबरोबर आलेली जादा सॉफ्टवेअर आणि सीसीटीव्ही पाहायचा प्रोग्राम. सुरुवात डोंगलपासून करा, कारण ते सगळ्यात सोपं. तो काढून राउटरपासून लॅनची वायर ओढा आणि दोन दिवस आकडे लिहा. मग अँटिव्हायरस. त्याची लायसन्स की वहीत उतरवून घ्या आणि तो रीतसर काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप पुढे येतो, मशीन उघडं पडत नाही. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसलेले असतील तर त्यातला एक तसाही जायलाच हवा. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर रीस्टार्ट, आणि मध्ये किमान दोन दिवस. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर आकडा थांबेल, पण कशामुळे ते कळणार नाही आणि चार दिवस वाया जातील.

एवढ्याने सापडलं नाही तर कुणा जाणकाराला, हवं तर भाच्यालाच, मायक्रोसॉफ्टची दोन मोफत साधनं वापरायला सांगा. पहिलं रॅममॅप. ते बसवावं लागत नाही, 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडलं की पुरे. त्याच्या 'यूज काउंट्स' पानावर तुमची न जुळणारी रक्कम नावानिशी मांडलेली दिसते, किती पूलमध्ये, किती ड्रायव्हरने धरून ठेवलेली, किती फाइलींची. दुसरं पूलमॉन, हे विंडोज ड्रायव्हर किटबरोबर येतं. ते चालू करून 'बी' दाबलं की सर्वात जास्त मेमरी धरलेला वर येतो आणि 'पी' दाबलं की दोन्ही पूल आलटून पालटून दिसतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चार अक्षरांची खूण असते. सकाळ-संध्याकाळ चढणारी खूण कोणती ते टिपायचं आणि ती खूण सिस्टिम ३२मधल्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरच्या फाइलींमध्ये शोधायची. जिच्यात सापडेल त्या फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये सहसा ती बनवणाऱ्याचं नाव असतं.

दिवसभरात साडेतीनवरून सातवर जाणारा आकडा हा अर्धा वेगळा विषय आहे आणि त्यातला बराच भाग आजार नाही. ब्राउझर, टॅली, एक्सेल आणि दुसऱ्या पानावर व्हॉट्सॲप एवढं उघडलं की तीन-साडेतीन जीबी सहज लागते. चढून एका पातळीवर स्थिरावणारा आकडा आणि थांबायचं नावच न घेणारा आकडा, यांतला फरक वहीवरून कळेल. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणतं पान, कोणतं एक्स्टेन्शन किती खातं ते दिसतं. लासलगावच्या बाजारभावासारखी स्वतःहून ताजी होणारी पानं दिवसभर उघडी ठेवू नका; लागतील तेव्हा उघडा. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी सेव्हर' चालू करा. तिथल्याच 'सिस्टिम'मध्ये क्रोम बंद केल्यावरही पडद्यामागे प्रोग्राम चालू ठेवण्याची एक खूण असते, ती काढा.

पेज फाईल कुणी बंद केली आहे का, तेही एकदा बघून घ्या. एसएसडी झिजते म्हणून तसं करण्याचा सल्ला अनेकांना मिळतो. ८ जीबीच्या मशीनवर ती बंद असेल तर उचलीची मर्यादा आठाच्या आसपासच राहते आणि गळती नसतानाही प्रोग्राम पडतात. आकार ठरवणं विंडोजवर सोडा आणि सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी मोकळी ठेवा. मर्यादा कधी संपली होती का, हे इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टिम' नोंदींत २००४ क्रमांकाची 'रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर'ची नोंद शोधून कळतं. तिच्यात त्या क्षणी सर्वाधिक मेमरी धरलेल्या प्रोग्रामची नावंही लिहिलेली असतात.

यजमानांची शंका तपासणं सोपं आहे. 'विंडोज सिक्युरिटी'तल्या 'स्कॅन ऑप्शन्स'मधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटांत तो पूर्ण होतो. मात्र चोरून चालणारा प्रोग्राम सहसा प्रोसेसरही राबवतो, पंखा वाजतो, आणि तसं काही तुमच्या पत्रात नाही.

दुकानदाराचं म्हणणंही तपासून घ्या. खराब रॅमने निळा पडदा येतो, मशीन आपोआप बंद पडतं, फाइली बिघडतात. दिवसागणिक शिस्तीत चढणारा आणि रीस्टार्टने उतरणारा आकडा ही तिची खूण नव्हे. खात्रीच करायची तर स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून एकदा चालवा. फॉरमॅटने थोडे दिवस बरं वाटेल, पण तोच डोंगल आणि तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं की तीच गळती परत येईल. नवी रॅम घालून तर फक्त भरायला आठवड्याऐवजी दोन आठवडे लागतील.

गळती थांबल्यावरही रोजच्या कामात संध्याकाळचा कमिटेड आकडा सातत्याने आठच्या वर राहत असेल, तर मात्र रॅम वाढवणं योग्य खर्च आहे. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर 'स्लॉट्स यूज्ड'पुढे 'वन ऑफ टू' दिसलं तर जुनी न काढता आणखी एक ८ जीबीची पट्टी बसते आणि दोन पट्ट्यांमुळे वेगही थोडा सुधारतो. आतली रॅम डीडीआर४ आहे की डीडीआर५ ते आधी पाहून घ्या, एकीची खाच दुसरीत बसत नाही. लॅपटॉपवाल्या वाचकांसाठी : तुमची पट्टी आखूड असते आणि काही मॉडेलमध्ये ती बोर्डवरच पक्की केलेली असते, म्हणून आधी कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून पाहा. जे नुसतं झाकण मिटून लॅपटॉप ठेवतात त्यांचं मशीन कधीच बंद होत नाही. त्यांनी आठवड्यातून एक रीस्टार्ट केला तरी निम्मी तक्रार मिटते. मॅकवर 'अॅक्टिव्हिटी मॉनिटर'मधला 'मेमरी प्रेशर'चा आलेख पाहावा. तो हिरवा असेल तोवर वापराचा आकडा कितीही मोठा दिसला तरी चिंता नको.

एवढं करूनही दुकानात जावं लागलंच तर वही बरोबर घेऊन जा. 'मशीन स्लो आहे' असं सांगू नका. 'नॉन-पेज्ड पूल रोज इतका चढतो, रीस्टार्टने उतरतो, अमुक वस्तू काढल्यावर थांबतो' असं सांगा आणि मशीन तिथे ठेवण्याआधी टॅलीचा बॅकअप आणि सहीचं टोकन घरीच ठेवा.